चौकोनातला प्रोग्रॅम

पिरियापट्टण हे म्हैसूरहून मडिकेरीला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूचा हा मुलूख. तंबाखू मंडळाचे लिलाव, बाजार समिती, नगरपालिका, कर-सल्लागारांची कार्यालये आणि याच तालुक्यात १९६१ पासून वसत गेलेली बायलकुप्पेची तिबेटी वसाहत, असा इथला पसारा. वेगवेगळ्या ब्राउझरांच्या पानांत जावा ॲपलेट कसे बसवले गेले, या विषयाची ओळख अशा गावापासून करून द्यावी, याला कारण आहे. संगणकाच्या तंत्राचा इतिहास बहुधा ते तंत्र जिथे घडले तिथून सांगितला जातो, कॅलिफोर्नियातून, फार तर बंगळुरूहून. पण वेबपान दोनदा घडते: एकदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर आणि दुसऱ्यांदा उघडणाऱ्याच्या पडद्यावर. पहिल्या ठिकाणी ते चालले की लिहिणारा निश्चिंत होतो. दुसऱ्या ठिकाणी चालले नाही तर दाद कुठे मागायची, हेच ठाऊक नसते. पिरियापट्टणचा ठेकेदार असो की कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा, त्याच्या संगणकाची निगा राखायला पगारी माणूस नसतो. या प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. ॲपलेट फसले ते जावा ही भाषा वाईट होती म्हणून नव्हे. पान आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये जो सांधा होता त्याला कोणी धनी नव्हता, आणि त्या सांध्याची डागडुजी शेवटी टोकाच्या माणसाच्या गळ्यात पडली.

ॲपलेट म्हणजे पानातल्या एका चौकोनात चालणारा छोटा प्रोग्रॅम. पान लिहिणारा एवढेच सांगतो की इथे इतक्या रुंदीचा, इतक्या उंचीचा चौकोन ठेव, अमुक पत्त्यावरून अमुक फाइल आण आणि ती त्यात चालव. सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली तेव्हा तिच्याकडे जगाचे लक्ष गेले ते मुख्यतः या चौकोनामुळे. तोवरची वेबपाने छापील कागदासारखी निश्चल होती. आता पानात घड्याळ चालू लागणार होते, आलेख हलणार होता, लोलक झुलणार होता, आणि एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर तसाच चालेल असे वचन होते. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत १९९६ च्या सुरुवातीला ही सोय आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीतही आली. जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ या प्रमाणाने ‘ॲपलेट’ हा टॅग अधिकृत केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एचटीएमएल ४.० ने तो मोडीत काढण्याच्या यादीत टाकला. त्याच्या जागी चित्र, ध्वनी, प्रोग्रॅम अशा सगळ्यांसाठी एकच ‘ऑब्जेक्ट’ टॅग वापरावा, असा तो विचार होता. विचार चांगलाच होता. फक्त तो अंमलात आणायचे काम ज्या ब्राउझरांवर सोपवले होते, त्यांचे एकमेकांशी युद्ध चालू होते.

जावाचे वचन प्रोग्रॅमपुरते बऱ्याच अंशी खरे ठरले. एकच क्लास फाइल, म्हणजे जावाचा तयार प्रोग्रॅम, विंडोजवर, सोलारिसवर, मॅकवर चाले. पण त्या फाइलला पानात बोलावणारी जी चार ओळींची वाक्ये होती, ती जावाची नव्हती, एचटीएमएलची होती, आणि त्यांचा अर्थ प्रत्येक ब्राउझर आपल्या रीतीने लावत होता. ब्राउझरातल्या जुन्या जावाऐवजी सनची नवी जावा वापरायची तर सनचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक भाग, बोलवावे लागे. इंटरनेट एक्सप्लोररला ते ‘ऑब्जेक्ट’ टॅगमधून सांगायचे आणि सोबत ‘क्लासआयडी’ म्हणून ३२ अंकाक्षरांचा एक ओळखक्रमांक द्यायचा. नेटस्केपला हा क्रमांक कळत नसे. त्याला हवा होता ‘एम्बेड’ हा टॅग, जो त्या काळच्या कुठल्याच प्रमाणात नव्हता. मग दोघांना एकाच पानात कसे समजवायचे? सनने काढलेली युक्ती अशी: बाहेर ‘ऑब्जेक्ट’, त्याच्या पोटात ‘कॉमेंट’ नावाचा टॅग, आणि त्या कॉमेंटच्या पोटात ‘एम्बेड’. एक्सप्लोरर कॉमेंटमधला मजकूर वगळून पुढे जाई. नेटस्केपला बाहेरचा ऑब्जेक्ट उमगत नसे आणि कॉमेंट हा टॅगच ठाऊक नसे, म्हणून तो दोन्ही ओलांडून थेट एम्बेडपाशी पोहोचे. एकाचे वगळणे आणि दुसऱ्याचे अज्ञान या दोन गोष्टींवर ही सगळी इमारत उभी होती. शिवाय ॲपलेटला द्यायची प्रत्येक माहिती दोनदा लिहावी लागे, एकदा ‘पॅरम’ ओळींत आणि एकदा एम्बेडच्या गुणविशेषांत. एकीकडे बदल करून दुसरीकडे राहून गेला, की तेच पान दोन ब्राउझरांत दोन वेगळी उत्तरे देई. त्यात ‘कोडबेस’ या शब्दाचे दोन अर्थ झाले होते. जुन्या टॅगमध्ये तो प्रोग्रॅमच्या फाइलींचा पत्ता होता. एक्सप्लोररच्या ऑब्जेक्टमध्ये प्लगइन कुठून उतरवून घ्यायचे, त्याचा पत्ता. जुने पान नव्या टॅगमध्ये उतरवताना हा एक शब्द तसाच राहिला तरी चौकोन राखाडी होऊन थांबे.

हे सारे तांत्रिक अपरिपक्वतेमुळे झाले, नवे तंत्र रुळायला वेळ लागतोच, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी मान्य करीत नाही, कारण पुरावा वेगळे सांगतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये सनने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. जावाचा परवाना घेऊन तिच्यात विंडोजपुरते फेरफार केल्याचा तो आरोप होता. जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टची जावा १.१ च्या पातळीवर गोठली आणि २००३ मध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारित सर्व्हिस पॅकमधून ती काढून टाकण्यात आली. दरम्यान जगातल्या बहुसंख्य संगणकांवर एक्सप्लोररच होता. म्हणजे पान लिहिणाऱ्यासमोर एकाच ब्राउझरचे तीन प्रकार आले: जुनी गोठलेली जावा असलेला, सनचे प्लगइन बसवलेला आणि जावाच नसलेला. २००३ मध्येच इओलास या कंपनीने वेबपानात परका प्रोग्रॅम बसवण्याच्या कल्पनेवरच आपले पेटंट असल्याचा खटला मायक्रोसॉफ्टविरुद्ध जिंकला. ज्यूरीने ५२ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. तो वाद पुढे बरीच वर्षे वरच्या न्यायालयांत गेला, पण २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सावधगिरी म्हणून एक्सप्लोररमध्ये बदल केला: पानातला चौकोन आधी एकदा टिचकी मारून जागा करायचा, मगच तो वापरता येईल. जावास्क्रिप्टच्या वेगळ्या फाइलमधून तोच टॅग लिहिला तर मात्र ही टिचकी लागत नसे. म्हणून जगभरच्या पानकर्त्यांनी आपली पाने पुन्हा उघडून टॅग जावास्क्रिप्टमध्ये हलवले. यात तंत्राची कच्ची बाजू कुठे दिसते? प्रत्येक वेळी सांधा निखळला तो मालकीच्या भांडणाने.

या सांध्याचा आणखी एक थर आपल्या लिपीचा आहे आणि त्याची दखल इंग्रजी पुस्तकांत फारशी घेतली जात नाही. ‘पिरियापट्टण’ हे नावच घ्या. संगणकाच्या स्मृतीत युनिकोडने ते ११ चिन्हांचे आहे: प, ऱ्हस्व इकार, र, ऱ्हस्व इकार, य, काना, प, ट, हलन्त, ट, ण. साठवताना इकार प नंतर येतो, वाचणाऱ्याला मात्र तो प च्या आधी दिसला पाहिजे. दोन ट आणि मधला हलन्त मिळून एक जोडाक्षर व्हायला हवे. कन्नडात हेच नाव लिहिताना दुसरा ट पहिल्याच्या पायाशी बसतो. ही जुळणी कोणीतरी करावी लागते. पानाचा साधा मजकूर ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टिमकडून जुळवून घेई, म्हणून विंडोज २००० नंतर तो नीट दिसू लागला. चौकोनाच्या आत मात्र राज्य जावाचे. तिचा एडब्ल्यूटी हा जुना संच काही अक्षरे सिस्टिमकडून उमटवून घेई, तर स्विंग हा नवा संच स्वतः रेखाटे, आणि स्विंगमध्ये देवनागरी नीट जुळवायची सोय २००२ च्या १.४ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या जावावर त्याच पानात वर शीर्षकात ‘पिरियापट्टण’ शुद्ध आणि खाली चौकोनात इकार अक्षरांच्या मागे लटकलेले, दोन ट च्या मध्ये हलन्त उघडा पडलेला, असे चित्र निघे. मराठी किंवा कन्नड वाचकाला ॲपलेट द्यायचे तर सर्वांत नवी जावा लागणार आणि सर्वांत नवी जावा हवी तर टॅगची ती सगळी कसरत करावी लागणार. इंग्रजी पानाला जो त्रास एकपट होता, तो आपल्याला दुप्पट पडला.

भारतात ॲपलेटला खरे वजन आले ते लोलक आणि घड्याळांमुळे नव्हे, सहीमुळे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने डिजिटल सहीला कायद्याचे बळ दिले. ही सही यूएसबीच्या टोकनमध्ये असते. ठेकेदार आणि कर-सल्लागार तिला सरसकट ‘डोंगल’ किंवा ‘डीएससी’ म्हणतात. टोकनमधली गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही, सही त्या टोकनच्या आतच करावी लागते. आता पेच असा की वेबपान हे स्वभावतः कोंडलेले असते. त्याला तुमच्या यूएसबीपर्यंत हात पोहोचवू द्यायचा नाही, हा ब्राउझरचा पहिला नियम, आणि तो योग्यच आहे. मग सही करायची कशी? सही केलेले, म्हणजे कर्त्याची ओळख पटलेले ॲपलेट या कोंडवाड्याबाहेर जाऊ शके. ते टोकनच्या ड्रायव्हरशी बोले, पिन विचारे, सही करून आणे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) विकसित केलेली ई-निविदा प्रणाली केंद्राच्या आणि अनेक राज्यांच्या कामी आली, महाराष्ट्राचे ‘महाटेंडर्स’ तिच्यावरच चालते. तिच्यात निविदा भरणाऱ्याच्याच संगणकावर ॲपलेटने ती कुलूपबंद केली जाई, म्हणजे उघडण्याचा दिवस येईपर्यंत सर्व्हरवरही तिचे आकडे कोणाला वाचता येऊ नयेत. सीलबंद पाकिटाची ही अत्यंत प्रामाणिक प्रतिकृती होती. म्हणून जे म्हणतात की सरकारी पोर्टलांनी ॲपलेट वापरलेच का, त्यांना माझे उत्तर असे की त्या काळी सर्व ब्राउझरांत चालू शकेल असा दुसरा मार्ग जवळपास नव्हता. निवड चुकली असे मी म्हणत नाही. निवडीबरोबर येणारी जोखीम कोणाच्या माथी टाकली, हा माझा प्रश्न आहे.

ती जोखीम पाहायची तर एका निविदेच्या दिवसाकडे जवळून पाहावे. मुदत दुपारी ३ वाजेपर्यंतची. ठेकेदाराने कागद स्कॅन केले, दरपत्रक भरले, टोकन लावले, आणि पान उघडले तर जिथे सहीचा चौकोन यायचा तिथे काहीच नाही. कारणे किती असू शकतात? विंडोज ६४ बिटची आहे म्हणून त्याने ६४ बिटची जावा उतरवली, पण त्याचा ब्राउझर ३२ बिटचा आहे आणि त्याला प्लगइनही ३२ बिटचेच लागते. किंवा रात्री जावाने स्वतःला अद्ययावत केले. जानेवारी २०१३ मध्ये जावाच्या प्लगइनमध्ये इतके गंभीर भोक सापडले की अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरातली जावा बंद करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर, सन विकत घेऊन जावाची मालक झालेल्या ओरॅकलने नियम आवळत नेले आणि जानेवारी २०१४ च्या ७ अपडेट ५१ पासून ज्या ॲपलेटची सही व परवानगीची नोंद पूर्ण नाही ते मुळातच अडवले जाऊ लागले. त्यातून सुटका म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जावाच्या सुरक्षा टॅबखालच्या अपवादांच्या यादीत पोर्टलचा पत्ता अक्षर न चुकता टाकायचा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा, आणि समोर येणाऱ्या इशाऱ्याखाली ‘मला धोका मान्य आहे’ या चौकटीत खूण करायची. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. सुरक्षेचा सगळा तंटा ब्राउझर बनवणारे, जावा बनवणारे आणि पोर्टल बनवणारे यांच्यातला होता. धोका मान्य असल्याची खूण मात्र तालुक्याच्या गावी बसलेल्या त्या माणसाने करायची होती, ज्याला धोका कसला हे समजावून सांगणारे त्या खोलीत कोणी नव्हते.

मग एकाच ब्राउझरचा आग्रह धरला तर काय बिघडले असते? हा आक्षेप व्यवहारी आहे आणि अनेक पोर्टलांनी तेच केले: फक्त इंटरनेट एक्सप्लोरर, फक्त अमुक आवृत्तीची जावा. तपासणी एकाच जागी, मदतपुस्तिका एकच, खर्च कमी. पण खर्च कमी झाला तो पोर्टलचा. भरणाऱ्याला विंडोज घेणे भाग पडले. सी-डॅक ही केंद्र सरकारची संस्था ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली बनवत होती, नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले होते, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचेही धोरण आले. त्याच काळात एकाच ब्राउझरला बांधलेले पान ‘बॉस’वर उघडून उपयोगाचे नव्हते, कारण तो ब्राउझर तिथे नाही. आणि एका ब्राउझरला बांधून घेणारा त्याच्या आयुष्यालाही बांधला जातो. क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइने आपोआप चालणे बंद केले आणि सप्टेंबरात ती पूर्ण काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत तेच केले, फक्त तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत २०१८ पर्यंत सोय ठेवली. ओरॅकलने सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून प्लगइनच काढून टाकले. एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ ला संपला. ज्याला या वर्षांत ॲपलेटने सही करायची होती त्याच्यापुढे एकच वाट उरली: जुना ब्राउझर, जुनी जावा, अपडेट बंद. ज्या संगणकात कंपनीच्या नावाने सही करणारी किल्ली रोज लागते, नेमका तोच संगणक सर्वांत असुरक्षित ठेवायचा! एकाच ब्राउझरच्या स्वस्त वाटलेल्या नियमाची किंमत ही होती.

ॲपलेट गेले म्हणजे प्रश्न मिटला, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१७ नंतरची रचना बघावी. जीएसटीच्या पोर्टलने सहीसाठी ॲपलेट घेतलेच नाही. त्याऐवजी ‘एमसाइनर’ नावाचा प्रोग्रॅम संगणकात कायम चालू ठेवायचा आणि पानाने त्याच्याशी त्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर, १२७.०.०.१ वर, १५८५ क्रमांकाच्या पोर्टमधून बोलायचे. कल्पना चांगली आहे. ब्राउझर कुठलाही असला तरी चालते, कारण प्लगइनची गरज नाही. पण हे संभाषणही सुरक्षित मार्गाने व्हावे लागते. म्हणून त्या आतल्या पत्त्याचे प्रमाणपत्र ब्राउझरने मान्य करावे लागते आणि ते मान्य होत नाही तेव्हा वापरणाऱ्याला तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून, लाल इशारा ओलांडून, ‘पुढे जा’ म्हणावे लागते. चौकोन गेला, सांधा तिथेच राहिला, फक्त ब्राउझरच्या आतून बाहेर आला. आणि इशारा आला की पुढे जा, हा धडा लोकांना पुन्हा एकदा शिकवला गेला. उद्या एखाद्या लबाड पानाने तसाच लाल इशारा दाखवला तर हाच माणूस कशाच्या आधारावर थांबेल? लोक इशारे वाचत नाहीत अशी तक्रार नेहमी केली जाते. वीस वर्षे त्यांना न वाचण्याचा सराव कोणी दिला, हे त्या तक्रारीत येत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण: जे मेले त्याचा अभ्यास कशाला? याला एक उत्तर शाळा-महाविद्यालयांतून येते. जिओजिब्रा हे गणिताचे सुंदर साधन २००१ पासून घडत गेले आणि बरीच वर्षे त्याच्या आकृत्या पानांत ॲपलेट म्हणूनच बसत. शिक्षकांनी बनवलेला त्रिकोण विद्यार्थी ओढून बघे आणि कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे डोळ्यांनी पाहे. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी सहभागी आहेत. त्यातलेही अनेक जुने प्रयोग जावा आणि फ्लॅशमध्ये होते, ते पुढे एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहावे लागले. जिथे संस्था मागे उभी होती तिथे हे झाले. ज्या एकट्या शिक्षकाने आपल्या पानावर पाच-दहा ॲपलेट टाकली होती, त्याची पाने अजून उघडतात, मजकूर वाचता येतो, आणि जिथे प्रयोग होता तिथे रिकामी जागा दिसते. ती जागा भरता येते. ‘चीर्पजे’सारखी साधने जुनी क्लास फाइल आजच्या ब्राउझरात प्लगइनशिवाय चालवतात. पण त्यासाठी आधी मूळ पानाने काय मागितले होते ते वाचता आले पाहिजे.

पुढील प्रकरणे त्या वाचनासाठी आहेत. जुने पान समोर आले की त्याचा सोर्स उघडावा आणि आधी टॅग पाहावा. नुसता ‘ॲपलेट’ असेल तर पान ब्राउझरातल्याच जावावर विसंबून होते आणि कदाचित १९९६-९७ च्या समजुतीने लिहिलेले आहे. ‘ऑब्जेक्ट’ असेल तर क्लासआयडीची पहिली आठ अक्षरे बघावीत. ती ‘८एडी९’ने सुरू होत असतील तर यंत्रावर असेल ती सर्वांत नवी जावा लेखकाला चालणार होती. ती ‘कॅफे’ या कॉफीच्या शब्दाने, म्हणजे सी-ए-एफ-ई या अक्षरांनी सुरू होत असतील, तर लेखकाला एकच ठराविक आवृत्ती हवी होती आणि ती कुठली, हे पुढच्या तीन गटांच्या आकड्यांत लिहिलेले सापडते. मग पॅरमच्या ओळी एम्बेडच्या गुणविशेषांशी ताडून बघाव्यात आणि दोन्हीकडचा कोडबेस कशाचा पत्ता देतो ते ठरवावे. एवढे झाले की त्या राखाडी चौकोनात काय होते आणि ते कोणासाठी ठेवले होते, हे उलगडू लागते.

पिरियापट्टण